ट्रिमरमधलं खोबरेल

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसखाली गोठतं. लातूर जिल्ह्यात थंडी पडली की बाटली उन्हात ठेवावी लागते, हे घराघरात ठाऊक आहे. तरीही किल्लारीतल्या एका तरुण शिक्षकाने ट्रिमरच्या पात्यांना तेल द्यायची वेळ आली तेव्हा खोबरेलाचीच बाटली उचलली. यंत्रासोबत आलेली तेलाची इवलीशी कुपी कधीच हरवली होती. दिवाळीपर्यंत सगळं ठीक चाललं. मार्गशीर्षात पात्यांमधलं तेल घट्ट झालं, त्यात केसांचा भुगा चिकटून बसला आणि ट्रिमर केस कापायचे सोडून ओढायला लागला. मग त्याने तो आणखी दाबून फिरवला. हनुवटीखाली पुटकुळ्या उठल्या, त्यांत पू झाला. मित्राच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. चार दिवस आराम पडला आणि नंतर पुरळ गालापर्यंत चढलं. केसांच्या मुळांशी जंतुसंसर्ग झाला होता आणि ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं, हे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं.

स्टिरॉइडने सूज आणि खाज दबते, जंतू मात्र मरत नाहीत. नायटा असेल तर तो उलट जास्त पसरतो. चेहऱ्यावर अशी ट्यूब स्वतःच्या मनाने लावू नये, एवढं तरी प्रत्येकाने पाळायलाच हवं.

आता मूळ दुखण्याकडे. ट्रिमरला पातळ तेल लागतं. कंपनीने दिलेलं संपलं तर शिलाई मशीनचं तेल चालतं आणि ते गावातल्या कुठल्याही शिंप्याकडे मिळतं. आधी बारीक ब्रशने केस झाडायचे, पात्यांवर एक-दोन थेंब टाकायचे, ट्रिमर काही सेकंद चालवायचा आणि वर आलेलं तेल फडक्याने टिपायचं. झाडल्याशिवाय तेल टाकलं तर भुगा आणखी आत जाऊन बसतो. ट्रिमर नळाखाली धरण्याआधी डब्यावरचा आकडा बघावा. आयपीएक्स ७ असं लिहिलेलं यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी पाणी आत शिरत नाही, अशी त्याची चाचणी झालेली असते. असा काही शब्द डब्यावर नसेल तर पाणी लावूच नये.

पाण्याचं तर मराठवाड्यात वेगळंच प्रकरण आहे. काळ्या पाषाणातून वर येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. बादलीच्या कडेला जो पांढरा थर दिसतो, तोच रेझरच्या फटीत आणि पात्यावर साचतो. त्यात टंचाईची सवय. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर होतं. असे दिवस काढलेला माणूस एका मगातल्या पाण्यात रेझर वरचेवर बुडवून दाढी उरकतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. फक्त शेवटी अर्धा तांब्या स्वच्छ पाणी रेझरवर सोडावं, झटकावं आणि कोरडा करावा. क्षार चढलेच असतील तर लिंबाच्या रसाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, धुऊन लगेच पुसावं. आंबट पदार्थ पोलादावर राहिला तर तोच पोलाद खातो.

ओसरीवर आरसा टेकवून, उन्हाकडे तोंड करून दाढी करणारी माणसं अनेकांना आठवत असतील. त्यांचं सामान आपोआप वाळायचं. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी नव्या जागी वसली, आणि आता दाढी बहुतेक बाथरूममध्ये होते. रेझर तिथेच, ओल्या फळीवर पडून राहतो. स्टेनलेस म्हटलेल्या ब्लेडलाही सततच्या ओलीने आणि क्षारांनी डाग पडतात. जुना पोलादी वस्तरा तर एका रात्रीत तांबूस होतो. म्हणूनच तो धोकटीत ठेवण्याआधी कोरडा पुसून त्यावर तेलाचं बोट फिरवायची रीत होती.

केसांसारखी मऊ वस्तू पोलाद कशी झिजवते, याचं उत्तर २०२०मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दिलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरी तो वाकून पात्याच्या धारेशी विशिष्ट कोन करतो तेव्हा धारेचे सूक्ष्म टवके उडतात. भिजलेला केस सहज कापला जातो, म्हणून आंघोळीनंतरची दाढी सुखाची. ओलावा दाढीच्या वेळी केसांना हवा आणि दाढीनंतर हत्यारांपासून लांब हवा.

ब्रश साबण निघेपर्यंत धुवून, केस खाली करून टांगावा. लाकडी कंगवा पाण्यात भिजत ठेवला की फुगतो आणि दाते तडकतात. त्याला कोरड्या ब्रशने साफ करणं पुरे. ट्रिमर मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नये, उष्णतेने लिथियम बॅटरीचं आयुष्य घटतं. महिनाभर वापर नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवावी. आणि सगळं सामान बंद प्लॅस्टिकच्या डबीत कोंडण्यापेक्षा कापडी पिशवीत, बाथरूमबाहेरच्या कपाटात ठेवलेलं बरं.

सर्वांत गंभीर गोष्ट वाटून वापरण्याची. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो आणि रक्ताचा न दिसणारा अंशही त्याला पुरतो. बापलेकाने, भावाभावाने एकच रेझर वापरणं म्हणूनच धोक्याचं. तुरटीने कापलेल्या जागेचं रक्त थांबतं, पण रेझर निर्जंतुक होत नाही. गढूळ पाण्यात डेटॉलचे चार थेंब टाकून हत्यार बुचकळल्यानेही होत नाही. आधी साबणाने मळ काढायचा आणि मग औषध, हाच क्रम. सलूनमध्ये नवं ब्लेड आपल्यासमोर वस्तऱ्यात घालायला सांगण्यात कारागिराचा अपमान नाही. चांगला कारागीर न सांगताच तसं करतो. वापरलेली ब्लेडं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवावीत, उघड्या कचऱ्यात टाकली तर कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो.

घरात दाढी करणारे दोघे असतील तर आजच दुसरा रेझर आणा आणि दोन्हींवर खूण करा. मोठ्यांनी हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर जवळच्या दवाखान्यात तिची चौकशी करा.