आधी थप्पी, मग भट्टी

बाळ, न्यू यॉर्क राज्याच्या पार उत्तरेला, सेंट लॉरेन्स काउंटीत तुम्ही जुनं शेतघर घेतलंत आणि तेलाचं पहिलंच बिल पाहून जावईबापूंनी बाहेरच्या लाकूडभट्टीची चौकशी सुरू केली, हे ताईकडून कळलं. बरीच वर्षं मी अशीच भट्टी चालवतो आहे. जे येतं ते शेजारच्या म्हाताऱ्या डेअरीवाल्यानं शिकवलेलं. तो गेला, त्याची मुलं शहरात गेली. त्याचं ज्ञान आता तुझ्याकडे यावं म्हणून लिहितो आहे. विक्रेता तुम्हाला यंत्राबद्दल सगळं सांगेल. लाकडाबद्दल फारसं बोलणार नाही, आणि घर उबदार राहणार की नाही हे लाकडावर ठरतं.

तुझ्या आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठव. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. ही भट्टी म्हणजे तोच बंब, फक्त अंगणापलीकडे पत्र्याच्या खोपटात उभा केलेला आणि दोन-चारशे गॅलन पाणी धरणारा. पाणी साधारण १८० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ८२ सेल्सिअसच्या आसपास तापतं. पंप ते जमिनीखालच्या नळ्यांतून घरात आणतो, फर्नेसच्या हवेच्या पेटीत बसवलेल्या जाळीतून फिरवतो आणि निवलेलं पाणी परत नेतो. वाटेत अंघोळीचं पाणीही तापवून घेता येतं. पाणी हवं तेवढं तापलं की हवेची झडप मिटते, निवलं की पुन्हा उघडते. आग, राख, धूर, सालींचा कचरा, लाकडातले किडे सगळं घराबाहेर राहतं, हा हिचा मोठा गुण. जाळ डोळ्यांआड राहतो, हा तेवढाच मोठा दोष. कारण दिसत नाही म्हटल्यावर माणूस हाताला येईल ते आत कोंबतो.

आता लाकूड. नुकत्याच पाडलेल्या झाडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. भट्टीत जायचं लाकूड वीस टक्क्यांच्या आत हवं. एक कॉर्ड शुगर मेपल वाळतो तेव्हा त्यातून नऊशे-हजार पौंड पाणी उडून जातं. ते वाऱ्यानं आणि उन्हानं फुकट उडवायचं की भट्टीत जाळ घालून उडवायचं, हे आपण ठरवायचं असतं. वाफ करण्यात उष्णता जाते, पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात आणि लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्या वायूंत असते. ते पेटायला कडक जाळ लागतो. ओल्या लाकडानं जाळ मंदावतो, वायू न पेटताच धुराड्यातून निघून जातात आणि वाटेत डांबरासारखा चिकट थर धरतात. त्याला इकडे क्रिओसोट म्हणतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं असं आपण म्हणतो. या भट्टीत ओल्याबरोबर सुकंही धुमसतं.

म्हणून अंगणात कायम दोन हिवाळ्यांचं जळण असावं, एक जाळायचं आणि एक वाळायचं. हिवाळा सरता सरता फोडून रचलेला ॲश किंवा मेपल पुढच्या वर्षीच्या थंडीला छान वाळलेला असतो. ओकला दोन उन्हाळे लागतातच, त्यात सवलत मागू नये. फोडायचं काम कडाक्याच्या थंडीत करा. गोठलेलं ओलं लाकूड घणाच्या एका घावात फाकतं, तेच जूनमध्ये कुऱ्हाड धरून ठेवतं. एल्मच्या मात्र हातानं नादी लागू नका, त्याचे रेशे एकमेकांत गुंतलेले असतात, त्याला हायड्रॉलिक स्प्लिटरच हवा. आणि चेनसॉ चालवताना हेल्मेट, कानांवर झाकणं, मांड्यांवर चॅप्स, आणि हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस. जावईबापूंना म्हणावं, ही मामांची विनंती नाही, अट आहे.

थप्पी कशी रचायची ते नीट ऐक. खाली पॅलेट टाकायची, लाकूड मातीला टेकता कामा नये. शक्यतो एकेरी ओळ, लांब बाजू वाऱ्याला समोर. वरून पत्रा किंवा ताडपत्री, पण फक्त वरूनच, बाजू उघड्या. पुष्कळ जण कौतुकानं पूर्ण थप्पी निळ्या ताडपत्रीत गुंडाळतात, आणि ओल आतच कोंडून बुरशी धरते. वाळलं की नाही ते ओळखायला दोन फोडी एकमेकींवर आपटून बघ. सुक्या असतील तर खणखणीत वाजतात, ओल्या असतील तर बद्द आवाज येतो. सुक्या लाकडाच्या टोकांना चिरा गेलेल्या असतात, साल सुटायला येते. पण डोळा आणि कान यांवर थांबू नकोस, ओल मोजायचा छोटा मीटर मिळतो तो घे. बाहेरच्या अंगाला त्याच्या सुया टोचून उपयोग नाही, ते अंग आधीच वाळलेलं असतं. ओंडका तिथल्या तिथे फोडायचा आणि नव्या, आतल्या पृष्ठभागावर मध्यभागी मोजायचं. जानेवारीत मोजायचं असेल तर लाकूड आधी घरात आणून ठेव. गोठलेल्या लाकडात मीटर खोटा आकडा दाखवतो.

विकत घेताना शब्द नीट विचारून घ्या. पूर्ण कॉर्ड म्हणजे ४ फूट उंच, ४ फूट खोल, ८ फूट लांब थप्पी, १२८ घनफूट. आपल्या भागात बरेच जण फेस कॉर्ड विकतात. सोळा इंची फोडी असतील तर तो पूर्ण कॉर्डचा जेमतेम तिसरा भाग होतो. भाव ऐकून हुरळून जाण्याआधी मापाची टेप काढा. ‘सीझन्ड’ म्हणून विकलं जाणारं लाकूडही मीटर लावूनच घ्या. आणि उष्णताप्रक्रिया न केलेलं जळण न्यू यॉर्क राज्यात बाहेरून आणायचं नाही आणि राज्यातल्या राज्यातही ५० मैलांपलीकडे न्यायचं नाही, असा नियम आहे. तो उगाच केलेला नाही. ॲशची झाडं पोखरणारा हिरवा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २००९ मध्ये आपल्या राज्यात पोचला, आणि त्याच्या लांब उड्या लाकडाच्या ट्रकांतूनच झाल्या. तुमच्या कुंपणाला वाळके ॲश उभे असतील तर ते आधी काढा, जळण उत्तम आहे. पण किड्यानं मारलेला ॲश ठिसूळ होतो, पाडताना फांद्या अचानक कोसळतात. ते काम जाणत्या माणसाला पैसे देऊन करून घ्या.

यंत्राबाबत दोनच गोष्टी. पहिली, जुनी धुरकट भट्टी कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर नको म्हणा. केंद्राचा नियम २०१५ मध्ये आला आणि मे २०२० पासून त्याच्या कडक दुसऱ्या टप्प्यात बसणाऱ्या नव्या भट्ट्याच विकता येतात. न्यू यॉर्क राज्याचा स्वतःचा नियम २०११ चा आहे. या नव्या भट्ट्यांत धुरातले वायू वेगळ्या कोठीत पुन्हा पेटवतात, त्यामुळे लाकूड कितीतरी कमी लागतं. दुसरी गोष्ट, घराला लागते तेवढीच भट्टी घ्या. मोठी भट्टी बहुतेक वेळ झडप मिटून धुमसत बसते आणि आतून काजळून जाते.

आणि जमिनीखालच्या नळीवर पैसे वाचवू नका. भट्टी चांगली आणि नळी हलकी, असं जागोजागी दिसतं. नळीभोवतीचं इन्सुलेशन ओलं झालं की बरीच ऊब मातीला जाते. ओळखायची खूण सोपी: बर्फ पडल्यावर भट्टीपासून घरापर्यंत नजर टाक. सगळीकडे पांढरं आणि मध्येच हिरव्या गवताची सरळ पट्टी दिसली, तर तुमचं लाकूड अंगण तापवतं आहे. फोम भरलेली बंद नळी महाग असते, तीच घ्या.

रोजची राबणूक सकाळ-संध्याकाळ दोनदा. दार उघडणं शिकून घे, भाजण्याचे अपघात तिथे होतात. आत हवेविना धुमसलेले वायू भरलेले असतात. दार झटकन उघडलं की हवा आत घुसते आणि ज्वाळा तोंडावर येते. म्हणून आधी पंखा बंद, धुराड्याची वरची वाट उघडी, थोडं थांबायचं. मग दार बोटभर किलकिलं करून पुन्हा थांबायचं. आतला धूर वर ओढला जाताना दिसला की मगच बाजूला उभं राहून पूर्ण उघडायचं. हातात चामड्याचे लांब मोजे, ओढणी किंवा मफलर लोंबता नको. निखारे सारखे करून घे, मग लाकूड भर. उणे वीस फॅरनहाइटची रात्र असेल तर भरगच्च, ऑक्टोबरातल्या उबदार दुपारी चार फोडी. पुढच्या बारा तासांत जळेल तेवढंच घालायचं. कडक आणि थोडक्या वेळाचा जाळ बरा, कोंडलेला लांबणारा जाळ वाईट. शक्य असेल तर सोबत गरम पाण्याची साठवण टाकी बसवा, मग भट्टीला धुमसत राहावं लागत नाही.

आत लाकडाखेरीज काही नाही. प्लास्टिक नाही, रंगवलेल्या फळ्या नाहीत, जुन्या डेकचं औषध लावलेलं लाकूड तर नाहीच, त्यात आर्सेनिक असतं. झाडाला चिकटलेली पॉयझन आयव्हीची वेल चुकूनही जाळू नकोस, तिचा धूर फुप्फुसांना पोळतो.

धुराबद्दल मी फार आग्रही आहे. तुझं घर खोऱ्यात आहे. थंड, वारा पडलेल्या सकाळी वरची हवा उबदार आणि खालची गार असते, धूर वर जातच नाही, शेजाऱ्याच्या खिडकीशी जाऊन बसतो. त्या घरात दम्याचं मूल असेल, म्हातारं माणूस असेल. राज्याचा नियम नव्या भट्टीला हद्दीपासून १०० फूट अंतर आणि जमिनीपासून १८ फूट उंच धुराडं सांगतो. त्याहून लांब आणि उंच परवडत असेल तर तसं करा. खड्डा खणायच्या आधी शेजाऱ्यांकडे जाऊन बोला. चांगलं सुकं जळण असेल तर पेटवल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं धुराड्यावर नुसती थरथरती हवा दिसते. निळसर, राखाडी धूर दिवसभर निघत असेल तर बहुतेक वेळा लाकूड ओलं असतं.

वीज गेली तर काय, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. जानेवारी १९९८ मध्ये याच भागात हिमवादळानं नव्हे, बर्फाळ पावसानं तारा, खांब, झाडं सगळं आडवं केलं. काही गावांत तीन आठवडे वीज नव्हती. भट्टीला लाकूड लागतं तसा पंप आणि पंखाही लागतो. पंप थांबला की बाहेरच्या नळ्या गोठायची भीती, आणि इकडे भट्टीच्या टाकीतलं पाणी उकळायची. त्यामुळे जनरेटर आणि ट्रान्स्फर स्विच पहिल्याच हिवाळ्याआधी बसवा. जनरेटर घरापासून लांब, खिडक्यांपासून निदान वीस फुटांवर. टाकीची वाफ जायची तोटी कधीही बंद करायची नाही, ती उघडी असते म्हणूनच टाकीत दाब साठत नाही. जुनी तेलाची फर्नेस काढून टाकू नका. भारतात गेलात तर तीच घर आणि नळ्या सांभाळेल.

पाण्यात गंज रोखणारं औषध असतं, त्याचा नमुना वर्षातून एकदा तपासून घ्यायचा. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, घरापासून आणि थप्पीपासून दूर. राखेखाली निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. वसंतात भट्टी विझली की त्याच आठवड्यात आतून खरवडून कोरडी करा. राख आणि दमट हवा एकत्र आल्या की लोखंड जितकं उन्हाळ्यात खातात तितकं हिवाळ्यात नाही. स्वच्छ राख भाजीच्या वाफ्यात थोडी चालते, ब्लूबेरीला नको. विम्याच्या कंपनीला भट्टीबद्दल लेखी कळवून ठेवा.

आता घ्यावी की नाही? स्वतःची झाडी असेल, दोघांपैकी एक जण सकाळ-संध्याकाळ घरी असेल आणि शेजार लांब असेल, तर जरूर घ्या. यातलं एकही कमी पडत असेल तर तेच पैसे माळ्याच्या इन्सुलेशनला आणि हीट पंपाला घाला, त्यात कमीपणा काही नाही. पण यंदा भट्टी घेऊ नकाच. तहान लागल्यावर विहीर खणल्यासारखं नोव्हेंबरात ओलं लाकूड शोधत फिराल आणि दोष यंत्राला द्याल. यंदाचा हिवाळा तेलावर काढा, लाकूड फोडा, रचा. पुढच्या वर्षी मीटरनं वीसच्या खालचा आकडा दाखवला की ऑर्डर द्या. टाउन ऑफिसात मात्र याच महिन्यात विचारून या, कारण काही टाउनांनी या भट्ट्यांवर आपापल्या हद्दीत पूर्ण बंदी घातलेली आहे.