रिकॉलचं बिल शून्य, पैसे जातात ते दुसरीकडेच

ब्रेकच्या एखाद्या पार्टमध्ये कारखान्यातच खोट राहिली आणि कंपनीने गाड्या परत बोलावल्या, तर त्या कामाला ग्राहकाने एक रुपयाही द्यायचा नसतो. पार्ट, मजुरी, त्यावरचा जीएसटी, सगळं कंपनीच्या अंगावर.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने वॅगन आर, सेलेरियो आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्या बोलावल्या. मागच्या ब्रेक असेंब्लीतली एक पिन तुटण्याची शक्यता होती; तुटली की चमत्कारिक आवाज येणार आणि पुढेमागे ब्रेकच्या पकडीवर परिणाम होणार. गाड्या होत्या ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२ या काळात बनलेल्या, तेवढ्याच. शेजाऱ्याची वॅगन आर बोलावली म्हणून तुमचीही बोलावली असेलच असं नाही. आरसीवरचा १७ आकडी-अक्षरी चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका किंवा सर्व्हिस सेंटरला फोनवर सांगा. खर्च काही नाही.

सेकंडहँड गाडीवाल्यांनी तर हे आधी करावं. कंपनीकडे नंबर बहुधा पहिल्या मालकाचा असतो, आणि गाडी विकून मोकळा झालेला माणूस तुम्हाला कशाला कळवतोय!

खिसा हलका होतो तो सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. ‘आलाच आहात तर पॅडही बदलून टाकू, ब्रेक ऑइलही काळं पडलंय.’ झालं, फुकटच्या कामावर काही हजारांचं बिल. पॅड, लायनर, ऑइल ही झिजेची कामं. रिकॉलमध्ये ती येत नाहीत. कधीकधी खरंच गरज असते, पण चाक काढून दाखवायला सांगा. पॅडचा थर साधारण ३ मिलिमीटरपर्यंत आला असेल तर बदला, नाहीतर पुढच्या सर्व्हिसिंगला बघू म्हणा. रिकॉलचं जॉब कार्ड वेगळं करून घ्या. त्यावर कोणता पार्ट तपासला, कोणता बदलला ते लिहिलेलं हवं, रकमेपुढे शून्य हवं. गाडी विकताना हाच कागद कामाला येतो. अर्ध्या दिवसाची रजा आणि रिक्षाचं भाडं मात्र तुमचंच. घरून गाडी नेऊन आणून देणार का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

तोच पार्ट रिकॉलच्या आधी तुम्ही पैसे भरून बदलला असेल, तर बिल जोडून परताव्याची मागणी लेखी करा. तोंडी बोलण्याला तिथे किंमत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून सरकारही कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी हा नियम आहे. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत, पण तो सरकारजमा होतो, तुमच्या हाती येत नाही. रिकॉलच्या कामाचे पैसे मागितले तर पावती घ्या आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि वकील दिलाच पाहिजे असंही नाही.