डोंगरी सायकल : निगा आणि सुट्या भागांची निवड

आज जिला माउंटन बाइक किंवा डोंगरी सायकल म्हणतात, तिचा जन्म एखाद्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या मरीन परगण्यात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन मातीच्या वाटांवरून टेकड्या उतरत असत. फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका वाटेवर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. ही वाट सुमारे साडेतीन किलोमीटरांत जवळजवळ ४०० मीटर खाली उतरते. ह्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे आणि पेडल उलट दाबले की लागे. एका उतरणीतच तो इतका तापे की आतील वंगण जळून जाई. मग हब उघडून त्यात नवे वंगण भरावे लागे. 'पुन्हा भरणे' अशा अर्थाच्या 'रिपॅक' ह्या शब्दावरून त्या वाटेलाही तेच नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ ह्यांनी खास ह्या कामासाठी सायकल बांधली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ह्या खेळाला स्थान मिळाले.

म्हणजे डोंगरी सायकलीच्या इतिहासात निगा ही आरंभापासूनच आहे. आजचे भाग अधिक टिकाऊ असले तरी धूळ, चिखल, पाणी आणि उष्णता ह्यांचे काम थांबलेले नाही. ही झीज अंदाजाने नव्हे, तर मोजून ओळखावी आणि बदली भाग नावावरून नव्हे, तर मापावरून निवडावा, हे ह्या प्रकरणाचे मुख्य सूत्र होय.

साखळी

जुनी साखळी 'ताणली गेली' असे आपण म्हणतो. वस्तुतः तिच्या पोलादी पट्ट्या लांबत नाहीत. कड्या जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्यावर फिरणारे पृष्ठभाग झिजतात व प्रत्येक सांध्यात किंचित ढिलाई येते. तेलात मिसळलेली बारीक धूळ ही झीज वाढविते. म्हणून साखळीला वरून भरपूर तेल लावणे हितकारक नसते. आधी ती कोरड्या फडक्याने पुसावी, प्रत्येक सांध्यावर एक थेंब सोडावा, पेडल काही वेळ उलटे फिरवावे आणि बाहेर उरलेले तेल पुसून टाकावे. साखळी रॉकेलने धुवावयाची असल्यास ते हबमध्ये किंवा ब्रेकच्या चकतीवर जाणार नाही, ह्याची दक्षता घ्यावी.

मोजण्यासाठी एक पोलादी पट्टी पुरते. लगतच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. त्यामुळे नव्या साखळीचे २४ सांधे बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. साखळी ताठ धरून एका पिनेच्या मध्यावर पट्टीचे शून्य ठेवावे आणि तेथून चोविसावी पिन पाहावी. अकरा-बारा चक्रांच्या साखळीत ती सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेली, तर साखळी बदलावी. कमी चक्रांच्या, रुंद साखळीत सव्वादोन मिलिमीटरपर्यंत थांबता येते. तीन मिलिमीटरांपर्यंत थांबल्यास मात्र दातेरी चक्रांचे दातही त्या वाढलेल्या अंतराप्रमाणे झिजलेले असतात. मग एकटी नवी साखळी त्यांच्यावर नीट बसत नाही. चढावर पेडलवर पूर्ण भार पडताच ती दातांवरून उडी मारते आणि स्वार तोल जाऊन पडू शकतो. वेळीच साखळी बदलली असती तर जो खर्च एका भागावर भागला असता, तो आता अनेक भागांवर करावा लागतो.

ब्रेक

रोहतांग खिंडीची उंची ३,९७८ मीटर आहे, तर मनालीची सुमारे २,००० मीटर. अशा दीर्घ उतरणीवर सायकल आणि स्वार ह्यांची सर्व गती ब्रेकमध्ये उष्णतेत रूपांतरित होते. म्हणून ब्रेक सतत दाबून न धरता दोन्ही ब्रेक थोडा वेळ दाबावेत व सोडावेत. चकतीच्या ब्रेकमधील पॅडचे घर्षणद्रव्य अर्धा मिलिमीटर उरले की पॅड बदलावेत. १.८ मिलिमीटर जाडीची चकती झिजून १.५ मिलिमीटर झाली की तीही बदलावी.

द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. काहींत खनिज तेल असते, तर काहींत मोटारींना वापरतात तो 'डॉट' प्रकारचा द्रव. मोटारसायकलीच्या गॅरेजमध्ये दुसरा द्रव सहज मिळतो. परंतु खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये तो घातल्यास आतील रबरी भाग फुगून ब्रेक निकामी होतो. डॉट द्रव हवेतील ओलावाही शोषतो व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. म्हणून तो ठराविक काळाने बदलावा. कोणता द्रव हवा, हे बहुधा ब्रेकच्या मुठीवर किंवा टाकीच्या झाकणावर छापलेले असते.

सुट्या भागांची निवड

'छब्बीसचा टायर द्या' एवढेच सांगणे पुरेसे नसते. २६ इंची डोंगरी सायकलीच्या रिमवर टायर जेथे बसतो, तेथील व्यास ५५९ मिलिमीटर असतो. पण '२६ गुणिले १ ३/८' असे लिहिलेल्या टायरला ५९० मिलिमीटरांचा व्यास लागतो. साडेसत्तावीस इंची चाकाचा हाच आकडा ५८४, तर एकोणतीस इंची चाकाचा ६२२ आहे. आपल्याकडील जुन्या, उंच सायकलींच्या २८ इंची चाकाचा व्यास मात्र ६३५ मिलिमीटर, म्हणजे एकोणतीस इंचीपेक्षाही मोठा असतो! म्हणून टायरच्या कडेवर छापलेला तीन आकडी व्यास वाचूनच खरेदी करावी.

हीच गोष्ट गिअरची. मागील चक्रांची संख्या वाढते तशी साखळी अरुंद होत जाते. आठ चक्रांची साखळी सुमारे सात मिलिमीटर रुंद असते, तर बारा चक्रांची पाच मिलिमीटरांहून किंचित अधिक. म्हणून साखळी, चक्रे आणि गिअर बदलणारी मूठ हे तिन्ही भाग परस्परांशी जुळणारेच घ्यावेत.

ज्याच्याजवळ पैसे मर्यादित आहेत, त्याने हलक्या आणि महाग भागांचा विचार शेवटी करावा. चांगले टायर, योग्य पॅड आणि वेळीच बदललेली साखळी ह्यांवर प्रथम खर्च करावा. स्वारीला निघण्यापूर्वी चाकांचे आस घट्ट आहेत ना, टायरांत हवा पुरेशी आहे ना आणि दोन्ही ब्रेक लागतात ना, एवढे पाहण्यास दोन मिनिटे लागतात. घाटाच्या माथ्यावर, जेथून दुरुस्तीचे दुकान अनेक मैल दूर असते, तेथे ह्या दोन मिनिटांचे मोल कळते.