कंपवात : पेशीतली राख साचते तेव्हा

"डॉक्टर, ह्यांचा हात बसल्या जागी हलतोय. वय झालं म्हणून दोन वर्सं तशीच काढली," असे म्हणत एक बाई आपल्या यजमानांना दवाखान्यात घेऊन आल्या. साठीचे ऊस-बागायतदार. चालताना उजवा हात झुलत नव्हता, चेहऱ्यावरचे भाव कमी झालेले, सही बारीक झालेली. हा वयाचा थरकाप नव्हता, कंपवात होता. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला पार्किन्सनचा आजार असेही म्हणतात.

मेंदूच्या बुंध्याशी एक काळसर भाग असतो. तेथील पेशी डोपामिन हे द्रव्य तयार करतात. त्यामुळे हालचाली सहज होतात. या पेशी हळूहळू मरतात, तसा कंपवात वाढतो.

त्या का मरतात? प्रत्येक पेशीत तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, नावाच्या सूक्ष्म चुली असतात. अन्नघटक व प्राणवायू वापरून त्या शक्ती देतात. चूल पेटली की धूर आणि राख आलीच! ही राख व मोडक्या चुली उचलून लयकारिकांत जिरवण्याची सोय पेशीतच असते. या सफाईचे गूढ उकलल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डोपामिनच्या पेशींना फाटे असंख्य, म्हणून शक्तीची गरजही मोठी. सफाई मंदावली की मोडक्या चुली आणि सायन्यूक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. शेवटी पेशी गुदमरते.

सफाई का मंदावते? वय हे मोठे कारण. काही घरांत आनुवंशिक दोष असतो. पॅराक्वाटसारखे तणनाशकही पेशींना इजा करते. त्याच्याशी वारंवार संबंध आलेल्यांत हा आजार जास्त आढळल्याचे काही पाहण्यांत दिसले आहे. फवारणारा प्रत्येक जण आजारी पडतो असे नाही. पण हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ आणि नंतर साबणाने आंघोळ, एवढे कराच.

"उपवासाने हा कचरा निघतो का?" असे रुग्ण विचारतात. माणसांत तसे सिद्ध झालेले नाही. कचरा साफ करून आजार थांबवणारे औषधही अजून हाती नाही. खाजकुयलीच्या बियांत लिव्होडोपा असते हे खरे, पण घरच्या चूर्णात मात्रा किती हे कळत नाही. म्हणून उपवास किंवा चूर्णाच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

लिव्होडोपाची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच, शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. मटण, दूध, डाळ यांच्यासोबत घेतल्यास तिचा गुण कमी येतो. रोज चालणे व व्यायाम यांनी हालचाल नक्की सुधारते.

वास न येणे, जुना बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणे-हात झाडणे ही लक्षणे कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात. प्रत्येक वेळी ती कंपवाताचीच असतात असे नाही. पण त्यांच्या जोडीला हालचाल मंदावली, तर "वय झालं" म्हणून घरी बसू नका. मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. ते बागायतदार आज औषधावर आहेत आणि सकाळी स्वतः चालत शेतावर जातात.