सर्व्हे नंबर ठाऊक असू द्या

जाहीर नोटिशीत आपल्या घराचं नाव कधीच नसतं. आपण राहतो कुठल्यातरी ‘पार्क’मध्ये नाहीतर ‘विहार’मध्ये, रिक्षावाल्याला खूण सांगतो पाण्याच्या टाकीची, आणि महापालिका लिहिते ‘मौजे अमुक, स. नं. तमुक, हिस्सा नं. अमुक पैकी’. एके काळी जिथे ज्वारी डुलत होती त्या वावराचा नंबर कागदावर अजून जिवंत असतो. त्या वावरावर उभ्या राहिलेल्या इमारतीतल्या कुणालाच मात्र तो माहीत नसतो. आमच्या सोसायटीमागच्या दवाखान्याच्या जागेचं जे झालं, ते इथूनच सुरू झालं. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्याकडेही टेबलं हीच आहेत आणि शिक्केही हेच.

आमचा भाग मूळचा खेड्याचा, हद्दवाढीत महापालिकेत आलेला. मागे बाभळी माजलेला मोकळा प्लॉट होता. विकास आराखड्यात तो ‘दवाखाना व प्रसूतिगृह’ यासाठी आरक्षित. फ्लॅट घेतानाच हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण बिल्डरने माहितीपत्रकात ‘शेजारी नियोजित रुग्णालय’ असं ठळक छापलं होतं. आरक्षण म्हणजे दवाखाना नव्हे, हे कुठे छापलेलं नव्हतं. नकाशात रंग भरला म्हणून जमीन महापालिकेची होत नाही, ती मालकाचीच राहते. महापालिकेने ती संपादित करायची किंवा बदल्यात टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) द्यायचा, मग इमारत बांधायची, मग डॉक्टर-नर्स नेमायचे. यातली एकेक पायरी अडकली की वर्षं जातात. आणि वर्षं गेली की आरक्षणालाच धोका असतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतलीच गेली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. पूर्वी ही मुदत याहून कमी होती, २०१५ मध्ये ती वाढवली.

दुसरी वाट कलम ३७ ची. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर महापालिका ठराव करते, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस देते, एक महिन्यात हरकती-सूचना मागवते, बाधितांची सुनावणी घेते आणि प्रस्ताव सरकारकडे पाठवते. नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन शेवटचा शब्द सरकारचा. आमच्या बाबतीत हीच वाट धरली गेली. तेव्हा महापालिकेवर प्रशासक होता. २०२२ नंतर राज्यात कित्येक ठिकाणी तशीच स्थिती होती: सर्वसाधारण सभाही प्रशासकच, स्थायी समितीही प्रशासकच. एरवी विषयपत्रिका वाचून एखादा नगरसेवक तरी ओरडला असता. (अर्थात नगरसेवक असतानाही असले विषय ‘आयत्या वेळचे’ म्हणून येतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी मंजूर होतात, हेही आम्ही पाहिलं आहे.)

नोटीस ज्या वर्तमानपत्रात आली ते आमच्या सोसायटीत दोघा-तिघांकडे येत असावं. ती ओळखली मूळ गावातल्या तात्यांनी. पेपर घेऊन ते आमच्या दारात आले आणि म्हणाले, “बाई, ही तर आमच्या चुलत्याची चिंचेची पट्टी की! हितं दवाखाना काढून रहिवास करायला लागलेत.” त्यांना कायदा ठाऊक नव्हता, नंबर ठाऊक होता.

म्हणून पहिलं काम हे करा. खरेदीखताची सूची क्रमांक दोन काढा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहा. आपल्या इमारतीचा आणि चारही बाजूंच्या जमिनींचा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, असेल तर सिटी सर्व्हे नंबर लिहून काढा आणि लिफ्टशेजारच्या फलकावर कायमचा लावा. नगररचना विभागातून आराखड्याच्या त्या भागाचा नकाशा घ्या, सोबत ‘झोन दाखला’ही मिळतो. मग गावाचं नाव आणि नंबर एवढंच शोधत नोटिशी वाचायच्या. बाकीचा मजकूर वाचण्यासारखा नसतोच. महिना मोजतात तो नोटिशीच्या तारखेपासून, ती आपल्या नजरेस पडल्यापासून नव्हे.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. शेजारी इमारत उठायला लागली की लोक पत्र घेऊन बांधकाम परवानगी विभागात धावतात आणि विचारतात, आम्हाला न विचारता मंजुरी दिलीच कशी? इंग्लंडमध्ये नगर परिषद शेजाऱ्यांना बांधकामाच्या अर्जाबद्दल कळवते आणि त्यांचं म्हणणं मागवते. आपल्याकडे तसं नाही. नियमावलीत बसणारा नकाशा असेल तर शेजाऱ्याला विचारण्याची तरतूद नाही. मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित नियमावली लागू आहे, आणि इमारतीची उंची, सामासिक अंतर, पार्किंग हे सगळं तिच्यातून ठरतं. आपल्याला बोलायची संधी आहे ती त्याआधी: साधारण वीस वर्षांनी आराखडा नव्याने होतो तेव्हा, नाहीतर मधल्या फेरबदलाच्या वेळी. तेव्हा बोललेलं वाया जातंच असं नाही. मुंबईच्या २०१५ च्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या, त्यातल्या चुका इतक्या उघड्या पडल्या की सरकारने तो पुन्हा करायला लावला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरीला २०१८ उजाडलं.

आमच्याकडे हरकती गेल्या. पुष्कळांना वाटत होतं की एकच जोरदार पत्र लिहावं आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. तसं केलं की नोंदवहीत बहुतेकदा एकच हरकत चढते आणि सुनावणीचं पत्रही एकालाच येतं. प्रत्येक घराचं वेगळं पत्र द्या, प्रत्येकाच्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक घ्या. शिक्का मिळेपर्यंत खिडकीवरून हलायचं नाही.

सुनावणीच्या दिवशी मात्र पाहण्यासारखं झालं. लोक तयारीने आले होते आणि बोलले उजेडाबद्दल, वाऱ्याबद्दल, बाल्कनीतून दिसणाऱ्या टेकडीबद्दल. एकाने फ्लॅटचे भाव पडतील असं सांगितलं. अधिकारी सौजन्याने ऐकत होते, पेन टेबलावरच होतं. मग आमच्या वस्तीतल्या आशाताई, म्हणजे आशा स्वयंसेविका, उभ्या राहिल्या. त्यांनीही रहिवासी म्हणून पत्र दिलं होतं. हातात त्यांची नोंदवही. गरोदर बायकांना तपासणीसाठी महामार्ग ओलांडून कुठे जावं लागतं, रात्री कळा सुरू झाल्या की काय होतं, बाळांचं लसीकरण देवळाच्या सभामंडपात का करावं लागतं, एवढंच त्या बोलल्या. आवाजही चढवला नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे पन्नास हजार लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हवं. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत पंधरा हजारांमागे एक दवाखाना धरला आहे. ही दोन वाक्यं दुसऱ्या एका रहिवाशाने त्यांच्या मागोमाग वाचून दाखवली आणि आमच्या प्रभागाची लोकसंख्या शेजारी ठेवली. तेव्हा पेन उचललं गेलं. माझं मत विचाराल तर हरकतीत ‘आम्हाला त्रास होईल’ हे वाक्य लिहूच नये. नकाशावरचा रंग पुसला तर कुठली सेवा जाते, तिचा निकष काय आणि जवळची पर्यायी जागा किती लांब, एवढं लिहावं.

सरकारने फेरबदल मंजूर केला, पण अट घालून. मालकाने इमारतीत तळमजल्यावर दवाखान्यासाठी बांधीव जागा महापालिकेला विनामूल्य द्यायची. प्रसूतिगृह गेलं ते गेलंच.

मग खणायला सुरुवात झाली, आणि नगररचनेतून आम्ही थेट आरोग्य खात्याच्या दारात जाऊन पोचलो. पावसाळ्याच्या तोंडावर तळघराचा खड्डा खणला आणि काम बंद पडलं. खड्ड्याचं तळं झालं. गणपतीच्या सुमारास ताप सुरू झाला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या प्लेटलेट्स उतरल्या, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळ्यांची बोटं त्या तळ्याकडे. डेंग्यूचा एडिस डास मात्र गढूळ तळ्यापेक्षा छोट्या भांड्यातलं स्वच्छ पाणी पसंत करतो. अळ्या सापडल्या त्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांपाशी ठेवलेल्या पिंपांत, क्युरिंगसाठी भरलेल्या टाकीत आणि लिफ्टच्या खड्ड्यात. सगळ्यांच्या आधी आजारी पडले होते तेही कामगारच. ते कुठल्याच सोसायटीचे सभासद नसल्यामुळे त्यांचा ताप कुणाच्या मोजणीत आला नाही.

महापालिकेने धूर सोडला, लोकांना बरं वाटलं. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून कोरडी करायची असतात. घासायचं ते एवढ्यासाठी की कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. बांधकामावर हे कोण करणार, हा प्रश्न आरोग्य खात्याने बांधकाम खात्याकडे ढकलला आणि बांधकाम खात्याने आरोग्य खात्याकडे. तो सुटला तेव्हा एकाच पत्रामुळे. पत्र दोघांच्या नावे होतं, क्षेत्रीय कार्यालयाला प्रत दिली होती, सोबत तारखेसह फोटो आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक. तो क्रमांक साइटवरच्या फलकावर असतो. परवानगी अटींवर दिलेली असते. परवानगी देणाऱ्यालाच अटीची आठवण करून दिली की नोटीस निघते.

या सगळ्यात एक गोष्ट मला सर्वांत उपयोगाची वाटली. महापालिकेच्या तक्त्यात आमच्या भागात डेंग्यूचा एकही रुग्ण नव्हता! बहुतेकांनी खासगी प्रयोगशाळेत झटपट कार्डवरची चाचणी केली होती. सरकारी मोजणीत एलायझा चाचणीने निश्चित झालेलाच रुग्ण धरतात. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ एलायझा, त्यानंतर आयजीएम एलायझा. तेव्हा कार्डवर रेघ उमटली की डॉक्टरांना सांगून नमुना डेंग्यू तपासणीसाठी सरकारने नेमलेल्या सेंटिनेल प्रयोगशाळेत पाठवायला लावा. तक्त्यात शून्य असेल तर ना फवारणीची गाडी येते, ना मालकाला नोटीस जाते.

हे सगळं हद्दीवरच्या भागांत जास्त का होतं, याचं उत्तर पुण्याने २०२५ च्या जानेवारीत दिलं. सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात गुलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशय पाण्यावर गेला. यातली बरीच गावं २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेली. इमारती आधी, जलवाहिनी आणि मलवाहिनी मागाहून. तुमच्या भागात नवे टॉवर मंजूर होत असतील तर पाणी कुठून येणार आणि मैला कुठे जाणार हे लेखी विचारा. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी विचारा, कारण एकदा माणसं राहायला आली की त्यांचं पाणी कुणी तोडत नाही, आणि तोडूही नये.

आता तळमजल्यावरची ती जागा. इमारत झाली, जागेचा ताबाही महापालिकेला मिळाला. आत फवारणीची जुनी यंत्रं आणि मतदान केंद्राच्या पाट्या ठेवल्या आहेत. लसीकरण अजून सभामंडपातच चालतं. माहिती अधिकारात अर्ज केला. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘दवाखाना का सुरू झाला नाही’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, आणि ते देतही नाहीत. कागद मागा: या जागेसाठी आकृतिबंधात कोणती पदं मंजूर आहेत त्याची प्रत, अंदाजपत्रकात कुठल्या लेखाशीर्षाखाली किती तरतूद आहे त्या पानाची प्रत, ताबा पावतीची प्रत. आम्हाला ताबा पावती मिळाली. पदांच्या रकान्यात ‘निरंक’ होतं.

म्हणजे अडलं आहे ते अंदाजपत्रकात. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवतात. तुमच्या महापालिकेत तशी पद्धत नसेल तरी आरोग्यप्रमुख आणि मुख्य लेखापाल यांना पत्र देता येतंच. पदांची आणि औषधांची तरतूद वेगवेगळी मागा, नाहीतर रंगरंगोटीला पैसे येतात आणि डॉक्टर येत नाही. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात ते जानेवारी-फेब्रुवारीत, पण खात्यांकडून आकडे गोळा होतात दिवाळीच्या आगेमागे. आमचं पत्र यंदा दसऱ्यापूर्वी गेलं आहे, आशाताईंच्या नोंदवहीतल्या पानांच्या प्रती जोडून.