कुलूप स्मार्ट, पण दार?

प्रश्न : आम्ही येरवड्यात जेल रोडजवळ जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो. दोघंही नोकरीला, घरी सासूबाई. पंधरा हजारांचं स्मार्ट लॉक बसवावं का?
– एक वाचक, येरवडा

उत्तर : आधी दार तपासा, ताई. घरफोडीच्या बातम्यांत ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द वारंवार येतात. चोर कुलपाशी झटापट करत बसत नाही. कटावणीने कोयंडा किंवा चौकटच फोडतो. चौकट वाळवीने पोखरलेली असेल, तर ठशाने उघडणारं महागडं कुलूपही तिच्यासकट निखळेल. म्हणून पहिला खर्च भक्कम चौकट, लांब स्क्रू आणि बाहेरच्या जाळीच्या सेफ्टी डोअरवर करा. पहिला मजला आहे, तेव्हा बाल्कनी आणि स्वयंपाकघराच्या खिडकीचे गजही पाहा.

दार पक्कं असेल, तर स्मार्ट लॉक जरूर घ्या. ते आपोआप लागतं, किल्ली हरवत नाही, कामाच्या मावशींना वेगळा कोड देता येतो आणि त्यांनी काम सोडलं की तो काढून टाकता येतो. सासूबाईंच्या बोटांचे ठसे मात्र दुकानातच तपासून घ्या. वयाने आणि भांडी-धुण्याने रेषा झिजतात, मग यंत्र ओळखत नाही.

वीज गेली तरी हे कुलूप सेलवर चालतं. पण सेलही संपतात, म्हणून साध्या किल्लीची सोय आणि बाहेरून तात्पुरती वीज देण्याची जागा नसलेलं मॉडेल घेऊ नका. आतून एका हिसक्यात उघडायलाच हवं. आग लागली तर सासूबाईंना कोड आठवत बसायला वेळ नसेल.