शेंडा मोडला, मग बगलेतले कोंब आले कुठून?

प्रश्न : कुंडीतल्या घेवड्याचा शेंडा वाऱ्याने मोडला. चार-पाच दिवसांत खालच्या पानांच्या बगलेतून दोन फांद्या फुटल्या. शेंडा गेल्याचं कळल्यावर झाड नवे कोंब तयार करतं का?

उत्तर : शंका रास्त आहे, पण ते कोंब नवे नाहीत. शेंड्याशी पान आकार घेतं, तेव्हाच त्याच्या बगलेत कळीची जुळणी सुरू होते. घेवड्याच्या एका बगलेत तर बहुधा एकाहून अधिक कळ्या असतात. देठ हळूच बाजूला करून भिंगातून पाहा, धडधाकट वेलावरही त्या दिसतील. त्या फक्त थांबलेल्या असतात.

त्यांना थांबवतो शेंडा. तिथली कोवळी पानं ऑक्सिन नावाचं संप्रेरक बनवतात आणि ते खोडातून खाली उतरत राहतं. थिमन आणि स्कूग या संशोधकांनी 1930च्या दशकात बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापून त्या जागी ऑक्सिन ठेवलं, तर बगलेतल्या कळ्या दबलेल्याच राहिल्या.

यावरून ऑक्सिन कळीत शिरून तिला रोखतं असं वाटेल, पण तसं होत नाही. ते खोडातच राहून कळीला जाग आणणाऱ्या सायटोकायनिनचं प्रमाण घटवतं आणि तिला रोखणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोनचं वाढवतं. स्ट्रायगोलॅक्टोनचं हे काम 2008मध्ये उघड झालं.

‘शेंड्याला जाणारं अन्न आता फांद्यांना मिळतं’ हे जुन्या माळ्यांचं म्हणणं बरीच वर्षं अडाणी ठरवलं गेलं. मला ते नेहमीच विचार करण्याजोगं वाटत आलं आहे. 2014मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांत दिसलं, की शेंडा कापल्यावर खालच्या कळ्या हलू लागतात तेव्हा तिथलं ऑक्सिन अजून कमी झालेलंच नसतं. ते तासाला जेमतेम एक सेंटिमीटर सरकतं. साखर मात्र झपाट्याने पोचते, आणि पहिली चालना तिचीच असते.

हरभऱ्याचे शेंडे खुडतात ते याच कारणाने : फुटवे वाढतात, शिवाय भाजीही होते.

तुम्ही खुडणार असाल तर एक जपा. घेवडा, वाल, चवळी उगवताना बीचे दोन जाड दल, म्हणजे बीजपत्रं, मातीवर येतात. त्यांच्या बगलेतही कळ्या असतात, पण त्याखालच्या खोडावर नसतात. रोप तिथून तुटलं तर सहसा पुन्हा फुटत नाही, नवी बी टोचावी. हरभरा आणि वाटाण्याचे दल मातीतच राहतात, म्हणून ती रोपं जमिनीलगत खुडली गेली तरी पुन्हा फुटू शकतात.